वाचक क्रमांक चार, पान बासष्ट

सुरेश चांदोरकर बँकेतून निवृत्त झाले, पण बँक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: दुसऱ्यानं केलेली नोंद तपासायची, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे संशयानं बघायचं आणि मग हिरव्या शाईनं सही ठोकायची. आता सुरतेतल्या उधन्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तपासायला उरलं काय? पहिले दोन महिने त्यांनी दुधाच्या पिशव्या मोजल्या. तिसऱ्या महिन्यात गॅसच्या सिलिंडरवरची तारीख आणि पावतीवरची तारीख जुळवून बघितली. चौथ्या महिन्यात बायकोनं डाळीत मीठ घातलं की नाही याची खात्री करायला ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहू लागले, तेव्हा उज्ज्वलाताईंनी ठरवलं की या माणसाला काहीतरी काम लावलं पाहिजे.

उज्ज्वलाताई म्हणजे त्यांची बायको. नगरपालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून त्या नवऱ्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. त्यांना रिकामपण बाधलं नाही. दर शनिवारी दुपारी शटल रिक्षानं त्या बमरोलीला जायच्या आणि तिथल्या एका सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर पत्र्याची खोली होती, तिथं सहा बायकांना वाचायला शिकवायच्या. नवरे कापडाच्या लूमवर, बायका घरी साड्यांना खडे चिकटवणाऱ्या. त्या सहांतलीच एक, बाकीच्या पाचजणींना गोळा करून आणणारी, तारा होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचं कुत्रं उठून बसावं.

तारानं पहिल्याच दिवशी अट सांगून ठेवली होती. "बाई, एक पुस्तक शेवटलोंग वाचाले जमनं पाहिजे. दिवाळीलोंग नही जमनं, त मी शनिवारनं खडासनं काम परत घिसू." तिच्या मागून बाकीच्या पाचजणींनी माना हलवल्या. तारा गेली की वर्ग गेला, हे उज्ज्वलाताईंना तिथंच कळलं.

अक्षरं झाली, जोडाक्षरं झाली, आता पुस्तक हवं होतं. या बायकांना झेपेल असं पुस्तक मिळेना म्हणून उज्ज्वलाताईंनी स्वतःच एक गोष्ट लिहिली. सुभद्रा नावाची बाई तालुक्याच्या गावी एक दाखला आणायला एकटी जाते आणि परत येते, एवढीच. छापायला कोण देणार? बायकांकडे मोबाईल होते, पण त्यात जागा नव्हती. सगळी जागा सुप्रभातच्या गुलाबांनी आणि पोरांच्या रील्सनी खाल्लेली. नवीन ॲप उतरवायचं तर पोराला विचारायला हवं आणि पोराला विचारायचं तर आधी त्याचं हसू सहन करायला हवं.

"अहो, नुसती लिंक दाबली की पुस्तक उघडेल, असं काही करता येईल का?" त्यांनी एका संध्याकाळी विचारलं. हे वाक्य त्यांनी पुढं बरेचदा परत घ्यायचा प्रयत्न केला.

सुरेशरावांनी शोध लावला. इंटरनेटवर ईबुक वाचायचं एक तयार साधन होतं आणि ते ब्राउझरमध्येच उघडायचं. त्याचा सगळा कोड ओपन सोर्स, म्हणजे चव्हाट्यावर मांडलेला. कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा, आणि आपला बदल चांगला वाटला तर मूळ मंडळींकडे परत पाठवावा. हे वाचून सुरेशरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

"म्हणजे तिजोरी उघडी?"

"तिजोरी कसली, अहो, पुस्तक वाचायचं साधन आहे ते."

"आणि पास कोण करतं? कुणीही येऊन कोडात हात घालणार आणि वरून दुसरी सही नाही? बुडणार हे, लिहून ठेव."

बुडणारं जहाज वाचवायला सुरेशराव स्वतः चढले. कामरेजच्या भाच्याकडून जुना लॅपटॉप आणला, इंटरनेटवरचे धडे बघितले, आणि प्रत्येक ओळ आधी लांबलचक वहीत हातानं लिहून, लाल शाईनं तपासून, मगच यंत्रात घातली. आपण लिहिलेलं आपणच तपासताना ते खुर्ची बदलायचे. या खुर्चीत बसून करायचं, त्या खुर्चीत बसून पास करायचं. चार महिने गेले. खरं सांगायचं तर त्यांनी एक काम नक्कीच नावाजण्यासारखं केलं. मूळ साधनात मराठी जोडाक्षर ओळीच्या शेवटी आलं की अर्धं इकडं, अर्धं तिकडं पडायचं. सुरेशरावांनी ते जोडून दिलं. अक्षर बोटाएवढं मोठं करता येईल असं केलं, आणि एकदा उघडलेलं पुस्तक नेट गेलं तरी चालेल असंही केलं. जोडाक्षराची दुरुस्ती त्यांनी मूळ मंडळींकडे पाठवली, ती त्यांनी स्वीकारली आणि दोन ओळींचे आभार पाठवले. सुरेशरावांनी त्या दोन ओळी छापून, वर प्लॅस्टिक चढवून, देव्हाऱ्याशेजारी लावल्या.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. छत्तीस वर्षांचा पीळ आता त्या बिचाऱ्या साधनात उतरू लागला. पुस्तक उघडायला प्रत्येक बाईला क्रमांक आणि गुप्त आकडा. ओळखीचा पुरावा. त्याखाली वारसदाराचं नाव.

"वारसदार कशाला?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

"समजा, वाचक मध्येच गेला. पान क्रमांक चाळीसवर त्याची खूण राहिली. ती खूण पुढं कुणाच्या नावे करायची? उद्या दोन मुलं भांडत आली तर?"

हे कलम त्यांनी मूळ मंडळींकडेही पाठवलं. तिकडून उत्तर आलं की कल्पना नवीन आहे, पण पुस्तकाला वारसदार का लागतो ते आम्हाला समजलं नाही. त्या लोकांना शाखेचा अनुभव नाही, असा निष्कर्ष सुरेशरावांनी काढला. हे उत्तर काही देव्हाऱ्याशेजारी लागलं नाही.

आणि सगळ्यांत लाडकं कलम म्हणजे तीन मिनिटांचं. तीन मिनिटं पान उलटलं नाही की पुस्तक आपोआप बंद आणि पडद्यावर पाटी: आपले सत्र समाप्त झाले आहे, कृपया पुन्हा प्रवेश करा. कारण काय, तर कुणी पुस्तक उघडं टाकून उठून गेलं आणि भलत्याच माणसानं पुढचं वाचलं तर जबाबदारी कुणाची? नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मोती नवऱ्याचा होता, त्यामुळे उज्ज्वलाताई गप्प बसल्या. शनिवार तोंडावर आला होता.

तो शनिवार महिन्यातला दुसरा होता. पत्र्याच्या खोलीत सहाजणींनी पदरानं पडदे पुसून लिंक दाबली, आणि सहाही मोबाईलवर एकच ओळ आली: आज सुट्टी आहे. सुरेशरावांनी दुसरा आणि चौथा शनिवार बँकेच्या नियमानुसार बंद ठेवला होता. ओळ वाचायला सगळ्यांत आधी ताराला जमली. तिनं ती दोनदा वाचली, मग उज्ज्वलाताईंकडे बघितलं. "पुस्तकले बी सुट्टी शे, बाई? मंग आमले काबर नही?"

उज्ज्वलाताई घरी येऊन काय बोलल्या ते इथं लिहीत नाही. शनिवारची सुट्टी रद्द झाली, 'विशेष परवानगी' या शीर्षकाखाली. बाकीची कलमं तशीच राहिली, कारण सगळंच सोडलं तर माणूस आजारी पडेल अशी उज्ज्वलाताईंना भीती वाटली. शिवाय बायकांनी आकडे पाठ केले, वारसदार म्हणून एकमेकींची नावं घातली आणि वाचायला लागल्या. तारा क्रमांक चार.

सुरेशराव दर शुक्रवारी बायकोला लेखी अहवाल द्यायचे. कोणता वाचक, त्या दिवशी शेवटी उघडलेलं पान कोणतं. गणपतीपर्यंत अहवाल छान चालला. मोठ्या अक्षरात सुभद्रेची गोष्ट एकशे अठरा पानांची व्हायची. तिघी चाळीसच्या घरात होत्या, एक सत्तरवर, एकीनं सोळाव्या पानावर मुक्काम ठोकलेला. आणि क्रमांक चार, पान बासष्ट. पुढच्या शुक्रवारी क्रमांक चार, पान बासष्ट. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही बासष्ट.

उज्ज्वलाताईंनी तिन्ही अहवाल शेजारी ठेवून बघितले. मोबाईलवर मोठ्या अक्षरात पान ते केवढं, सात ओळींचं. सात ओळींत बाई तीन आठवडे अडकते म्हणजे काय? शाळेत अशी मुलं त्यांनी बघितली होती. तोंडानं धडाधडा बोलणारी, वर्गाला हसवणारी, आणि पुस्तक समोर धरलं की पाठांतरावर वेळ मारून नेणारी. तारा कच्ची आहे, हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं असं त्यांना वाटलं. शनिवारी त्यांनी तिला सगळ्यांदेखत काही विचारलं नाही, उलट तिच्यासाठी पुन्हा बाराखडीचा तक्ता नेला. तारानं तो बघितला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

इकडं सुरेशरावांच्या हाती वेगळाच पुरावा लागला होता. त्यांचं साधन प्रत्येक प्रवेशाची वेळ नोंदवायचं. वाचक क्रमांक चार रोज दुपारी दोन ते पावणेतीनच्या दरम्यान येतो. आकडा घालतो. पान बासष्ट उघडतो. तीन मिनिटांनी बाहेर फेकला जातो. लगेच परत आकडा घालतो. परत बासष्ट. एका दुपारी तेरा वेळा. सलग एकोणीस दिवस. सुरेशरावांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. चलथाणच्या बाजूला शाखेत असताना त्यांनी एकाच माणसाची दोन खाती पकडली होती, एकावर टोपी घातलेला फोटो आणि दुसऱ्यावर टोपी काढलेला. त्यानंतर असा माल हाताला लागला नव्हता. कुणीतरी ताराच्या नावानं आत शिरून काहीतरी शोधतंय, हे त्यांना दिवसासारखं स्पष्ट दिसलं. त्या सात ओळींत काय शोधायचं असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी क्रमांक चार गोठवला. बायकोला सांगितलं नाही, कारण चौकशी गोपनीय असते.

त्या शनिवारी उज्ज्वलाताई पत्र्याच्या खोलीत पोचल्या तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. तीन वाजले, साडेतीन झाले. पलीकडच्या लूमचा खडखडाट तेवढा चालू होता. त्या उठल्या आणि ताराच्या घरी गेल्या.

तारा जमिनीवर निळी साडी पसरून खडे चिकटवत बसली होती. मान वर केली नाही. उज्ज्वलाताईंनी विचारल्यावर तिनं कपाटातून मोबाईल काढला. तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला होता, साप ठेवावा तसा. पडद्यावर लाल अक्षरं होती: संशयास्पद हालचालींमुळे आपले खाते गोठवण्यात आले आहे.

"मी वाचं ते," तारा म्हणाली. "सगळं एक दमात वाचं. शेजारनी म्हणे, खातं गोठाडं म्हणजे पोलीस येतस. मना मालक म्हणे, आते बस झायं तुनं वाचन." तिनं खड्यांची डबी जवळ ओढली. "बाई, मनं काय चुकनं?"

 तीस वर्षं शिकवून आपण या बाईला एक अख्खं वाक्य न अडखळता वाचायला शिकवलं आणि ते वाक्य हे निघालं, याची उज्ज्वलाताईंना इतकी लाज वाटली की त्या चहाही न घेता निघाल्या.

घरी सुरेशरावांनी सगळं ऐकून घेतलं. गंभीरपणे. मग म्हणाले, "गोठवलेलं खातं असं तोंडी उघडता येत नाही. अर्ज लागतो. उद्या ऑडिट आलं तर?"

"ऑडिट कोण करणार आहे?"

"मीच."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे उज्ज्वलाताईंनी ऐकलं होतं, पण वर संन्याशाकडून अर्ज मागतात हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्ज मी आणणार नाही. तुमचा कागद, तुमचा शिक्का, तुम्ही जा. मी बरोबर येईन, फक्त तुमचं तोंड बघायला."

रविवारी सकाळी नाश्त्याला आणलेली लोचोची पुडी तशीच टेबलावर ठेवून दोघं स्कूटरनं बमरोलीला गेले. सुरेशरावांनी अर्जाचा नमुना छापून घेतला होता. नाव, क्रमांक, दिनांक, आणि खाली मोठी चौकट: एकाच पानावर वारंवार प्रवेश करण्याचे कारण. तारानं दोघांना बसायला साड्यांचे गठ्ठे दिले. सुरेशरावांनी तिला समजावून सांगितलं की ही केवळ औपचारिकता आहे, घाबरायचं काही नाही, मात्र चौकट रिकामी सोडता येणार नाही. पोलिसांचं काय, असं तिनं विचारलं. पोलिसांचा काहीच संबंध नाही असं त्यांनी म्हटल्यावर तिची भीती उतरली आणि तिनं पेन मागून घेतलं.

ती लिहायला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सुरेशरावांनी घड्याळात बघितलं, उज्ज्वलाताईंनी सुरेशरावांकडे बघितलं, सुरेशरावांनी घड्याळ बाहीखाली सारलं. मी सांगते तसं लिही, असं म्हणायला उज्ज्वलाताई दोनदा पुढं झाल्या आणि दोनदा मागं झाल्या. पाऊण तासानं तारानं कागद सुरेशरावांच्या हातात दिला.

सुरेशरावांनी तो सवयीनं चष्म्याच्या वरून वाचायला घेतला. अर्ध्यात चष्मा नीट लावला. वाचून झाल्यावर बायकोकडे दिला. चौकट भरून, चौकटीबाहेर येऊन, कागदाच्या पाठीवरही लिहिलेलं होतं.

'साहेब. पुस्तक मी दोन वेळा पूर्ण वाचलं. सुभद्राला दाखला भेटतो, ती घरी येते, शेवट मला माहीत आहे. बासष्टवर मी अडकले नाही. बासष्टवर मी मुद्दाम जाते. त्या पानावर सुभद्राची बस उशिरा आहे म्हणून ती खानावळीत बसते. पोऱ्या तिला गरम भाकर आणून देतो. मग आणखी एक देतो. ती खाते. पानभर तिले कोणी हाक मारत नाही. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी ते पान उघडते आणि मी पण बसते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी अशी कधी बसले नाही. पण तुमचं पुस्तक मला तीन मिनिटात उठवतं. म्हणून परत परत यावं लागतं. हेच कारण आहे.'

खाली सही होती आणि दिनांक होता. उज्ज्वलाताईंनी कागद दोनदा वाचला. ते पान त्यांनी केवळ बस येईपर्यंत सुभद्रेला काहीतरी करायला हवं म्हणून लिहिलं होतं, आणि लांबण लागते म्हणून काढून टाकायच्या विचारात होत्या. जी बाई पुस्तक दोनदा संपवून मनाला आवडलेल्या पानाशी जाऊन बसत होती, तिला त्यांनी बाराखडीचा तक्ता नेऊन दिला होता. नवऱ्यानं चोर ठरवलं आणि आपण ढ ठरवलं, दोघांत फरक तो केवढा, असं त्यांना वाटलं. त्यांनी ताराला तसं सांगितलंही. "तारा, मला वाटलं तुला येत नाही. माझं चुकलं."

"तक्ता मी नातीले दिधा," तारा म्हणाली. "आते दुसरं पुस्तक द्या."

सुरेशरावांनी खिशातून हिरवं पेन काढलं. अर्जात काही त्रुटी आहे का, हे त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, कारण स्वभावाला औषध नाही. त्रुटी नव्हती. त्यांनी कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली.

घरी आल्यावर ते जेवायलाही न थांबता लॅपटॉपसमोर बसले. खातं उघडलं, मग तीन मिनिटांचं कलम काढलं. त्याच तावात प्रवेशाच्या वेळांची नोंद काढली, गुप्त आकडा काढला, वारसदार काढला. चार महिन्यांत खपून घातलेलं एका दुपारात उपटून झालं आणि शेवटी उरलं ते मूळच्या मंडळींनी फुकट दिलेलं साधन, मोठं अक्षर, आणि न तुटणारी जोडाक्षरं. खुर्ची मात्र त्यांनी बदलली नाही. एकाच खुर्चीत बसून केलं आणि तिथंच पास केलं.

हे सगळं झाल्याचं बायकोला सांगावं आणि जमलं तर जेवायला वाढ म्हणावं, म्हणून ते स्वयंपाकघराकडे आले. उज्ज्वलाताई जेवायला बसल्या होत्या. त्यांची वाट न बघता, एकट्या, ताटात तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी. सुरेशरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं. ते दाराशी, भिंतीला टेकून, तसेच उभे राहिले.

उज्ज्वलाताईंनी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा सावकाश मोडला, सावकाश खाल्ला, आणि भूक संपली होती तरी आणखी एक भाकरी घेतली.